थंडीत अडणारे दार : एका जुन्या गाडीच्या कुलपाचे प्रकरण

देवरूखजवळच्या एका वाडीत राहणाऱ्या निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या १९९६ सालच्या छोट्या पेट्रोल गाडीचे चालकाच्या बाजूचे दार जानेवारीत बंद अवस्थेत अडकले आणि ते बाहेरून, आतून, चावीने किंवा खिडकीच्या कडेच्या लॉकच्या खुंटीने, कशानेही उघडेना. गुरुजी डाव्या दाराने आत शिरून, गिअरच्या दांड्यावरून पाय उचलून पलीकडच्या आसनावर सरकत गाडी चालवत होते. वयस्क माणसाच्या गुडघ्यांना हा त्रास तर होताच, पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की अपघात झाला किंवा गाडी पाण्यात अडकली, तर चालकाजवळचे सुटकेचे दारच निकामी होते. माझ्या मते दाराचे अडलेले कुलूप ही ब्रेकइतक्याच तातडीने हाताळायची बाब आहे, आणि म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे.

मी पोहोचण्यापूर्वी दोघांची मते घेऊन झाली होती. तालुक्याच्या ठिकाणच्या एका चावीवाल्याने लॉकचा बॅरल, म्हणजे चावी जिच्यात शिरून फिरते ती नळी, झिजला असून चारही दारांचा लॉक सेट बदलावा लागेल, असे सांगितले होते. एका डेंटिंगवाल्याने दाराच्या फटीत पहार घालून दार उचकटावे आणि ते न जमल्यास बाहेरचा पत्रा कापून आत हात घालावा, असा उपाय सुचवला होता. दोघांनीही दार बंद असलेल्या स्थितीत हँडल एकदोनदा हलवून पाहण्यापलीकडे तपासणी केलेली नव्हती. गुरुजींना दुसऱ्या उपायाची धास्ती वाटत होती आणि ती योग्यच होती.

ही धास्ती योग्य का, हे समजण्यासाठी दाराच्या कुलपाची रचना पाहावी लागते. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत ती एकाच धर्तीची आहे. दाराच्या मागच्या कडेत दार धरून ठेवणारा एक लॅच बसवलेला असतो आणि समोरच्या खांबावर पोलादी स्ट्रायकर, म्हणजे लॅच ज्याला पकडतो तो घट्ट बसवलेला तुकडा, असतो. दार लावले की स्ट्रायकर लॅचमधल्या फिरत्या चकतीत शिरतो. तिला आपण येथे पंजा म्हणू. पंजा फिरला की स्प्रिंगवरचा एक खटका त्याच्या दातात पडतो. पहिला दात अर्ध्या लॉकचा आणि दुसरा पूर्ण लॉकचा. दार नीट लागताना दोन आवाज ऐकू येतात ते याचेच. आतले आणि बाहेरचे हँडल प्रत्यक्षात दार उघडत नाहीत. ती दोन्ही वेगवेगळ्या सळ्यांच्या, म्हणजे रॉडच्या, मार्फत फक्त तो खटका उचलतात. तिसरी एक पट्टी लॉकची असते. चावी फिरवली किंवा खिडकीच्या कडेची खुंटी दाबली की ही पट्टी सरकते आणि हँडलचा जोर खटक्यापर्यंत पोहोचण्याची वाटच तुटते. म्हणून कुलूप लावलेल्या दाराचे हँडल ओढले तर ते हलते, पण काही घडत नाही.

हा लॅच ओढून उघडू नये म्हणूनच बनवलेला असतो. वाहनांच्या दारांच्या कुलपांसाठी संयुक्त राष्ट्रांचा जो ११ क्रमांकाचा नियम आहे, त्यात पूर्ण लॉकमधल्या लॅचने गाडीच्या लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन आणि आडव्या दिशेने ९,००० न्यूटन एवढा ताण सोसला पाहिजे, अशी अट आहे. अर्ध्या लॉकमध्येसुद्धा तो ४,५०० न्यूटन सोसायला हवा. ११,००० न्यूटन म्हणजे साधारण ११०० किलो वजनाची ओढ. तीस वर्षांची गाडी आजच्या कसोटीला किती उतरेल हा प्रश्न वेगळा, पण त्या जातीच्या लॅचला पहारीने हरवू पाहणाऱ्याच्या हाती वाकलेला पत्रा, निघालेला रंग आणि कायमची फट एवढेच येते. लॅच बहुधा तसाच राहतो.

तेव्हा मी पहिल्यांदा अवजारे न काढता गुरुजींकडून इतिहास विचारून घेतला. अडलेल्या कुलपाच्या कामात हा भाग सर्वांत फलदायी ठरतो, आणि घाईच्या दिवशी नेमका हाच गाळला जातो.

“पहिल्यांदा कधी अडलं, गुरुजी?”

“डिसेंबरात. सकाळी अडायचं आणि दुपारी बाजारात जाताना व्यवस्थित उघडायचं. मला वाटलं, चावीच खराब झाली.”

“त्याआधी कुलपात काही घातलं होतंत?”

“पावसात कुरकुरत होतं म्हणून खोबरेल सोडलं होतं जरा. काचेच्या फटीतून.”

या दोन उत्तरांत निम्मे निदान होते. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते. कोकणात पावसाळ्याच्या दिवसांत हवा सहसा त्याहून उबदार असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये सोडलेले तेल पातळ राहून लॅचच्या सांध्यासांध्यांत उतरते आणि कुरकूर थांबते. मालकाला औषध लागू पडल्यासारखे वाटते. डिसेंबर-जानेवारीत देवरूखसारख्या आतल्या भागात पहाटेचा पारा सहज विशीच्या खाली येतो, आणि बाटलीतले खोबरेल जसे घट्ट पांढरे होते तसेच लॅचमधलेही होते. ऊन चढले की ते पुन्हा सुटते. बॅरल झिजलेला असता तर त्याला सकाळ-दुपारचा फरक कळला नसता. झीज तापमान पाहत नाही.

तरीही दुपारी चालणारे दार पुढे दुपारीही बंद का झाले, याचा उलगडा बाकी होता. त्याचे उत्तर आणखी एका प्रश्नाने मिळाले. जानेवारीच्या सुरुवातीला एका सकाळी लग्नाला निघायची घाई असताना गुरुजींनी चावी फिरवून हँडल जोराने ओढले, तेव्हा आत ‘टक्’ असा आवाज झाला. त्यानंतर बाहेरचे हँडल एकदम हलके झाले. मग डावीकडून आत जाऊन त्यांनी आतले हँडलही दोन्ही हातांनी ओढून पाहिले होते.

दोष ज्या वेळी उघड होतो त्या वेळी तो पाहावा, म्हणून गाडी रात्री उघड्या अंगणात ठेवायला सांगून मी दुसऱ्या दिवशी उजाडताना गेलो. चारही दारे एकामागून एक हाताखालून घातली. मागची दोन्ही दारे, ज्यांत तेल कधीच सोडले नव्हते, त्या थंडीतही खुंटीपासून हँडलपर्यंत मोकळी चालली. डावे पुढचे दार उघडले, पण त्याची खुंटी वर यायला जड होती. त्यातही थोडे तेल गेले होते. उजवे पुढचे दार पूर्ण अडलेले. एकाच गाडीची, एकाच वयाची, एकाच हवेत राहिलेली चार दारे असूनही तेलाच्या प्रमाणात त्यांची अडचण वाढत गेलेली होती. खोबरेलाबद्दलचा संशय पक्का व्हायला याहून चांगला पुरावा मिळाला नसता.

मग अडलेल्या दाराचा एकेक भाग हाताने अजमावला. चावी बॅरलमध्ये पूर्ण जात होती आणि दोन्ही बाजूंना थोडी फिरून स्प्रिंगसारख्या लवचीक विरोधाने थांबत होती. हा विरोध ओळखता आला पाहिजे. बॅरलमधल्या पातळ पत्र्या अडकल्या असतील तर चावी एक तर पूर्ण आत शिरत नाही, किंवा फिरायला सुरुवातच करत नाही. ती दगडासारखी ठाम थांबते. चावी फिरून मग लवचीकपणे अडते, तेव्हा बॅरल सुटलेला असतो आणि त्याच्या पुढचा रॉड लवत असतो, कारण रॉडच्या टोकाची लॉकची पट्टी हलायला तयार नसते. बॅरल निर्दोष ठरला. खुंटी अर्ध्यावर येऊन पुन्हा खाली बसत होती, म्हणजे लॉकची पट्टी मधेच अडली होती. बाहेरच्या हँडलला स्वतःच्या स्प्रिंगखेरीज कसलाही जोर लागत नव्हता, म्हणजे त्याचा रॉड सुटला होता. आतले हँडल बरेच अंतर फिरून जड होत थांबत होते.

यावरून घटनांचा क्रम जुळवता आला. गोठलेल्या तेलामुळे त्या सकाळी लॉकची पट्टी ना लागलेल्या ना उघडलेल्या अशा अधल्यामधल्या जागी थांबली. या स्थितीत हँडलचा जोर खटक्याला न पोहोचता पट्टीच्या कडेवर आदळतो. गुरुजींनी ओढलेला सगळा जोर साखळीतल्या सर्वांत नाजूक दुव्यावर, म्हणजे रॉडला हँडलशी धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपवर पडला आणि ती तुटली. आतल्या हँडलची क्लिप टिकली, पण तिचा लांब रॉड बहुधा धनुष्यासारखा वाकला असावा, म्हणजे हँडल पूर्ण ओढूनही खटका पुरेसा उचलला जात नसणार. दुपारी तेल सुटून खुंटी वर येत असूनही दार का उघडत नव्हते, त्याचे कारण हे. मूळ दोष एक होता. बाकीचे दोन जोर लावल्यामुळे नंतर आलेले.

निदान बरोबर असेल तर काहीही न तोडता त्याची परीक्षा घेता येते. चुलीवर तापवलेल्या पाण्यात टॉवेल बुडवून, पिळून, तो बाहेरच्या पत्र्यावर लॅचच्या नेमक्या जागी, म्हणजे हँडलच्या मागे कडेलगत, धरायला गुरुजींच्या मुलाला सांगितले. टॉवेल निवला की पुन्हा तापवायचा. वितळण्यासाठी फक्त २४ अंश ओलांडायचे असल्यामुळे जास्त उष्णतेची गरजच नसते; ब्लोलॅम्प किंवा कोणतीही ज्योत येथे वापरू नये, कारण आत प्लास्टिक, रेक्झिन आणि तेल असते आणि बाहेर रंग असतो. थोड्या वेळाने मी आतून खुंटी उचलली, तेव्हा ती आधी चिकटल्यासारखी अडखळली आणि मग पूर्ण वर येऊन तिथेच राहिली.

आता प्रश्न उरला वाकलेल्या रॉडचा. दाराचे रबर दाबले गेलेले असते, ते दाराला सतत बाहेर ढकलते, आणि तो सगळा दाब पंजाच्या दातामार्फत खटक्यावर येतो. बाहेरच्या माणसाने दार आतल्या बाजूला दाबून धरले की हा दाब नाहीसा होतो आणि खटका फार कमी जोरात, फार कमी अंतर हलून सुटतो. मुलाने कंबर टेकवून दार गाडीच्या अंगाला दाबले, मी त्याच क्षणी आतले हँडल सावकाश शेवटपर्यंत ओढले, आणि ज्या दाराचा पत्रा कापायचे ठरत होते ते उघडले.

दार उघडल्याबरोबर करायची पहिली गोष्ट म्हणजे ते पुन्हा लावू न देणे. आनंदाच्या भरात दार धाडकन लावून पाहण्याचा मोह होतो आणि सगळी मेहनत पुन्हा आत कोंडली जाते. मी लॅचच्या खाचेत कापड कोंबले आणि मग आत पाहिले. पंजा आणि खटका यांच्यामधल्या फटी पिवळट पांढऱ्या, मेणासारख्या थराने भरलेल्या होत्या आणि त्यात जांभ्याची तांबडी धूळ पुरेपूर मिसळलेली होती. काडेपेटीच्या काडीने खरवडले तेव्हा तिच्या टोकावर विटकरी रंगाचा गोळा आला. बोटांच्या उबेने तो पाघळला, पण मधले कण खरखरीतच राहिले. निव्वळ खोबरेल पुन्हा वितळून वाहून गेले असते. कारखान्यातून आलेले जुने ग्रीस, त्यावर तेल आणि त्यावर धूळ यांचा हा मिश्र लेप मात्र धुऊनच काढावा लागतो.

डोअर पॅड, म्हणजे दाराचे आतले आवरण, काढण्याचे काम दार उघडे असल्यामुळे सरळ झाले. काच वर चढवून ठेवली, कारण काच खाली असली की दाराच्या पोकळीत हात फिरवायला जागा राहत नाही. काच फिरवण्याच्या हँडलमागे घोड्याच्या नालेच्या आकाराची तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅड यांच्या फटीत फडक्याची कड घालून ती दोन्ही हातांनी पुढेमागे ओढली की क्लिप निसटते. ती उडून हरवते, म्हणून खाली चादर पसरावी. या गाडीचा पॅड हार्डबोर्डचा होता आणि खालची कड ओलीने फुगलेली होती, म्हणून पॅडच्या क्लिपा एकेक करून, अगदी जवळून उचकल्या.

पॅडमागचे प्लास्टिक पूर्वीच्या कुठल्या तरी दुरुस्तीत फाडून तसेच सोडलेले होते. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी असलेली भोके कुजक्या पानांनी आणि तांबड्या मातीने बुजली होती आणि पावसाळ्यातली ओल अजून आत होती. हा शोध मला कुलपाइतकाच महत्त्वाचा वाटतो. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोकळीत शिरणे हे स्वाभाविक आहे आणि ते खालून निघून जावे अशीच योजना असते. भोके बुजली की दार ओले राहते, रॉडचे सांधे गंजतात आणि कुरकुरतात, आणि कुरकूर थांबवण्यासाठी कोणीतरी तेलाची बाटली उचलतो. गुरुजींची अडचण खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली होती.

बाहेरच्या हँडलची क्लिप अपेक्षेप्रमाणे दुभंगून तळाच्या चिखलात पडलेली सापडली. आतल्या हँडलचा रॉड मध्यभागी स्पष्ट वाकला होता. लॅचचे स्क्रू दाराच्या कडेला असतात आणि ते बहुधा भयंकर घट्ट असतात. पाना घसरून त्यांची डोकी गेली तर मोठेच संकट उभे राहते, म्हणून नेमक्या मापाचा बिट लावून हातोडीच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने, म्हणजे ठोका पडताच स्क्रू फिरवणाऱ्या अवजाराने, एकेक ठोका देत ते सैल केले. लॅच बाहेर काढून टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवला, जुन्या दात घासायच्या ब्रशाने घासला, द्रव गढूळ झाला की बदलला, आणि शेवटी उन्हात पूर्ण वाळवला. स्प्रिंगा शाबूत होत्या. पंजाचे दात आणि खटक्याची कड भिंगाने पाहिली. कडा गोलावलेल्या असत्या तर लॅच बदलण्यावाचून मार्ग नव्हता, कारण झिजलेला खटका चालत्या गाडीत सुटू शकतो. येथे कडा धारदार होत्या. घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागांवर पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात दिला. बॅरलमध्ये मात्र तेल किंवा ग्रीस काहीच न घालता ग्राफाइटची कोरडी भुकटी सोडली, कारण तिथल्या पातळ पत्र्यांना धूळ धरून ठेवणारा कोणताही चिकटपणा सोसत नाही.

वाकलेला रॉड लाकडी फळीवर ठेवून सरळ केला. क्लिप स्पेअर पार्टच्या दुकानात काही रुपयांत मिळाली; ती घेताना रॉडची जाडी मोजून न्यावी आणि डावी-उजवी बाजू तपासावी. अशा जागी तारेने बांधून वेळ मारून नेण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. तार सैलावते, रॉड निसटतो आणि मालकाला ते नेमके गरजेच्या वेळी कळते. बाहेरच्या हँडलचा रॉड जोडताना त्याच्या आट्यांच्या टोकाने तो असा जुळवला, की हँडलला सुरुवातीला एखाद-दोन मिलिमीटर मोकळी चाल राहावी. ही चाल ठेवली नाही तर खटका किंचित उचललेलाच राहतो, दातात पूर्ण बसत नाही आणि दार धक्क्याने उघडण्याचा धोका निर्माण होतो.

दार उघडे असतानाच पेचकसाने पंजा फिरवून अर्धे आणि पूर्ण लॉक लावले आणि बाहेरच्या हँडलने, आतल्या हँडलने, खुंटीने, चावीने असे सर्व प्रकारे ते सोडवून पाहिले. प्रत्येक वेळी पंजा स्प्रिंगच्या जोराने पूर्ण परतत होता. त्यानंतरच दार लावले. स्ट्रायकरवरची घासल्याची खूण मध्यावर होती आणि दार उचलून पाहता बिजागरीत खेळ नव्हता, म्हणून त्यांना हात लावला नाही.

तळाची भोके बांबूच्या काडीने मोकळी केली, कारण लोखंडी सळईने कडांचा रंग खरवडून नवा गंज सुरू होतो. गंजलेल्या जागी प्रायमर दिला आणि नवे जाड प्लास्टिक चिकटवताना त्याची खालची कड पत्र्याच्या खाचेतून आत खोचली, म्हणजे त्यावरून उतरणारे पाणी पॅडवर न येता भोकांकडे जाईल. डावे पुढचे दारही उघडून तोच लेप तिथूनही धुऊन काढला.

फेब्रुवारीतल्या एका थंड पहाटे गुरुजींनी स्वतः चारही दारे तपासली, तेव्हा उजव्या दाराची खुंटी मागच्या दारांइतकीच सहज वर आली. लॉक सेट बदलला असता तर नवा बॅरलही त्याच गोठलेल्या पट्टीला ढकलत राहिला असता. वर्षातून दोनदा, मिरगाआधी आणि दिवाळीनंतर, तळाची भोके पाहायची आणि लॅचवर ग्रीसचा हात द्यायचा, असे त्यांच्याशी ठरले आहे. आतल्या हँडलच्या मुळाशी त्या दिवशीच्या ओढाताणीने केसासारखी एक चीर गेलेली आहे. तो भाग जुन्या गाड्यांच्या सामानात शोधायला सांगितला असून तो मिळेपर्यंत ते हँडल दोन बोटांनीच ओढायचे आहे.